वाचक विचारतात : बेताच्या पैशांत बसायला बरी सायकल

या वेळच्या पत्रांत शर्यतीची सायकल कोणालाच नको आहे. सकाळी तळ्यापर्यंत जाऊन यावे, संध्याकाळी भाजी आणावी, रविवारी शेजारच्या गावापर्यंत एक फेरी व्हावी आणि घरी आल्यावर कंबर-गुडघ्यांनी कुरकुर करू नये, एवढेच मागणे आहे. खिशात आठ ते पंधरा हजार. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : वय 61, उंची 5 फूट 6 इंच, वजन 74 किलो. रोज आठ-दहा किलोमीटर सायकल चालवायचे मनात आहे. रस्ता बहुतेक सपाट, मध्ये एक चढ. सगळे मिळून बारा हजार खर्च करू शकतो. दुकानदार पुढे-मागे शॉकअप, दोन्ही डिस्क ब्रेक, जाड खाचांचे टायर आणि 21 गिअरची सायकल दाखवतो आणि म्हणतो, "काका, हीच घ्या, कंबरेला आराम." तेवढ्याच पैशांत शेजारी एक साधी दिसणारी 7 गिअरची उभी आहे. काय करावे? (सातारा)

उत्तर : साधी दिसणारी घ्या.

दोन्हींची किंमत एकच असेल तर कारखान्याने ओतलेला पैसाही जवळपास एकच. पहिलीत तो दोन शॉकअप, दोन डिस्क आणि पायडलजवळच्या तीन दातेरी चकत्यांवर गेला. हब (चाकाचा मधला भाग), रिम, टायर आणि पायडलच्या आसाची बेअरिंग यांच्या वाट्याला उरलेसुरले आले. सायकल हलकी चालते की जड, हे ठरते या न दिसणाऱ्या भागांवर.

या किमतीतला शॉकअप म्हणजे आत एक पोलादी स्प्रिंग आणि प्लॅस्टिकचे बुश. दबलेली स्प्रिंग सावकाश परत आणणारी तेलाची किंवा हवेची सोय त्यात नसते, त्यामुळे खड्डा गेल्यावर पुढचे चाक उसळते. चढावर पायडलला जोर दिला की सायकल खालीवर डुलते आणि तुमचा जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. पुढचे चाक धरणाऱ्या साध्या चिमट्यापेक्षा वजन एक-दीड किलोने जास्त, ते वेगळेच. मागच्या शॉकअपबद्दल तर बोलायलाच नको. तो ज्या सांध्यावर हलतो तो सांधा स्वस्त सायकलीत लवकर ढिला पडतो, मग मागचे चाक आडवे हलू लागते आणि त्या मापाचे बुश गावातल्या मिस्त्रीकडे मिळत नाहीत.

खराब रस्त्यावर आराम देतो तो टायर. 35 ते 42 मिलिमीटर रुंदीचा, जवळजवळ गुळगुळीत पाठीचा टायर डांबरी रस्त्याला उत्तम. जाड खाचांचा टायर चिखलासाठी असतो. डांबरावर तो घुंऽऽ आवाज करतो आणि दम काढतो. टायरच्या कडेवर 40-622 असा आकडा छापलेला असतो. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमच्या बैठकीचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नवा टायर घेताना हाच आकडा सांगा. नुसते "28 चा द्या" म्हटले तर 622 च्या रिमला 635 चा, म्हणजे जुन्या काळ्या सायकलीचा टायर हातात पडतो आणि तो बसत नाही. 26 इंचीतही 559 आणि 590 असा घोळ आहे.

तुमच्या वजनाला 40 मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे 50 आणि पुढे 40 ते 45 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा पुरे. टायरवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही वरची मर्यादा असते. कॉम्प्रेसरवाला टायर दगडासारखा होईपर्यंत भरतो आणि लोक मग सीटला शिव्या घालतात. मीटर असलेला पायपंप घरी ठेवा, आठवड्यातून एकदा हवा पाहा.

डिस्क ब्रेक वाईट असतात असे नाही. पावसात आणि चिखलात ते चांगलेच लागतात. पण स्वस्त, केबलच्या डिस्कची चकती सायकल भिंतीला टेकवताना जरा वाकली तरी घासत राहते आणि एकाच बाजूचा पॅड सरकत असल्यामुळे त्याची जुळणी वारंवार करावी लागते. रिमला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या व्ही-ब्रेकचे रबरी गुटके कुठेही मिळतात आणि पाच मिनिटांत बदलता येतात.

गिअरचे म्हणाल तर 21 मधले बरेचसे एकमेकांसारखेच असतात. तुम्हाला हवा आहे तो एक खरोखर हलका गिअर. समोरच्या चकतीचे दाते भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते, हे गणित दुकानात उभ्या उभ्या करा. पुढे 38, मागे 28 असेल तर पायडलच्या एका फेरीत चाक 1.36 वेळा फिरते. मागे 34 असेल तर 1.12 वेळा. आकडा जितका लहान, तितका चढ सोपा. एक गिअरच्या साध्या सायकलीत 44 आणि 18 अशी जोडी असेल तर हाच आकडा 2.44 होतो. तुमच्या चढासाठी 14 ते 34 दात्यांचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा जोड, असेल तर सोने.

हँडल सीटच्या उंचीचे किंवा त्याहून चार-पाच सेंटीमीटर वर असावे. हे दुकानातच तपासा, कारण आजकालच्या बऱ्याच सायकलींचे हँडल जुन्यासारखे एक बोल्ट सैल करून वर ओढता येत नाही. हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली, म्हणजे स्टेमखाली, जेवढ्या सपाट कड्या असतील तेवढेच ते वर जाते.

आणि बारा हजारांतले सगळे सायकलीवर घालवू नका. गिअरच्या सायकलींना अनेकदा मडगार्ड, स्टँड, घंटी, कॅरिअर यांतले काहीच नसते. त्यासाठी, शिवाय कुलूप, पंप आणि पुढचा-मागचा दिवा यांसाठी दीड-दोन हजार बाजूला काढा. मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची बारीक भोके मागच्या आसाजवळ आहेत का, तेही वाकून बघा. जाता जाता : 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलींवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. जुन्या स्टिकरवरची किंमत सांगितली तर विचारा.

प्रश्न : वय 43, उंची 4 फूट 11 इंच. वीस वर्षांनी पुन्हा सायकल शिकते आहे. बहुधा पंजाबी ड्रेस, कधी साडी. आमच्याकडे चढउतार फार. लेडीज सायकल साधी घ्यावी की गिअरची? मुलगा म्हणतो मोठ्या चाकांची घे, जोरात जाते. (रत्नागिरी)

उत्तर : मुलाचे म्हणणे त्याच्या उंचीला ठीक आहे. लहान फ्रेममध्ये 700 ची, म्हणजे वर सांगितलेल्या 622 च्या रिमची मोठी चाके कोंबली की वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला किंवा मडगार्डला लागते. पुन्हा शिकणाऱ्याला हळू वळणात हे हमखास पाडते. तुम्हाला 26 ची चाके, प्रसंगी 24 चीही चालतील. पुढचा दांडा खाली वाकवलेली फ्रेम घ्या, म्हणजे पाय मागून फिरवावा लागत नाही.

माप असे काढा. चप्पल काढून भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, एक जाड पुस्तक दोन पायांत घट्ट वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर कोणाला तरी मोजायला सांगा. समजा 68 सेंटीमीटर आले. त्याला 1.09 ने गुणले की 74 होतात. पायडल अगदी खाली असताना पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत जास्तीत जास्त एवढी उंची. फिरण्यासाठी दोन-तीन सेंटीमीटर कमीच ठेवा. दुकानातली सायकल तेवढी खाली येते का, आणि शिकण्यापुरती आणखी खाली जाते का, हे टेप लावून बघा. "बसा, होईल सवय" हे उत्तर मान्य करू नका.

सुरुवातीला दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवा. तोल आला की चार-पाच दिवसांनी एकेक सेंटीमीटर वर. बहुतेक जणी इथेच चुकतात : सीट खालीच राहते, गुडघा प्रत्येक फेरीत फार दुमडतो आणि मग "सायकलने गुडघे दुखतात" असे ठरते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खाली आहे असे समजा, मागच्या बाजूला दुखत असेल तर फार वर. टाच पायडलवर ठेवून पाय पूर्ण खाली गेल्यावर गुडघा सरळ झाला की उंची बरोबर. चवड्याने चालवताना आपोआप हवा तेवढा वाक राहतो.

गिअरचे उत्तर सरळ नाही. पूर्ण बंद चेनकव्हर कपड्यांना सर्वांत चांगले, पण मागे चकत्यांचा गिअर असलेल्या सायकलीला ते बसत नाही. हबच्या आत गिअर असलेल्या सायकलीत दोन्ही जमते, मात्र त्या आपल्याकडे कमी मिळतात आणि तुमच्या पैशांत बसणार नाहीत. रत्नागिरीचे चढ पाहता आम्ही गिअरच घेऊ : पुढे एकच चकती, तिच्यावर बाहेरून गार्ड, आणि उजव्या पायाला सलवार आवळणारा पट्टा. मागच्या चाकाला ड्रेसगार्ड मात्र लावूनच दुकानातून निघा. ओढणी किंवा पदर आऱ्यांत गेला तर सायकल जागच्या जागी थांबते आणि गळ्याशी ओढ बसते.

साडीसाठी साधीच घ्यायची ठरली तर एक स्वस्त युक्ती आहे. 18 दात्यांचे फ्रीव्हील काढून 22 चे बसवून घ्या. पुढे 44 असेल तर 2.44 चा आकडा 2 वर येतो आणि चढावर फरक ताबडतोब कळतो. चेनला कडी-दोन कडी वाढवावी लागते आणि मोठे फ्रीव्हील चेनकव्हरला घासत नाही ना, हे फिरवून बघायचे. सपाटीवर वेग थोडा कमी होईल, त्याने काही बिघडत नाही.

आणखी दोन गोष्टी. कोकणात चकचकीत लोखंडी रिम घेऊ नका, अ‍ॅल्युमिनियमचीच घ्या. खारी हवा तर आहेच, पण ओल्या लोखंडी रिमवर रबरी ब्रेक फार कमी धरतात आणि उतारावर ते जाणवते. ब्रेकच्या लिव्हरला आतल्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर हँडलजवळ येते आणि लहान हाताला पोचते. मिस्त्री आपणहून हे करत नाही, सांगावे लागते.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी चांगली सायकल घेतली. अर्ध्या तासात बूड दुखते. वर जेलचे कव्हर घातले, तर तासाभराने आणखी वाईट. सीट बदलू का? (सांगली)

उत्तर : आधी कव्हर काढा. आपण बसतो ते ढुंगणाच्या दोन हाडांवर. मऊ जेल हाडाखाली दबून बाजूला सरकते आणि मधल्या नाजूक भागात वर येते, जिथे दाब अजिबात नको असतो. म्हणून पहिली दहा मिनिटे छान आणि नंतर मुंग्या.

सीट बदलण्याआधी फुकटच्या दुरुस्त्या करून पाहा. सीटची उंची वर सांगितल्याप्रमाणे टाच लावून तपासा. सीट फार वर असेल तर प्रत्येक फेरीत कंबर डावी-उजवी हेलकावते आणि कातडी सोलवटते. मागून कोणाला तरी बघायला सांगा, लगेच दिसते. फार खाली असेल तर पाय भार घेत नाहीत आणि सगळे वजन बुडावर येते. नंतर सीटवर पाण्याची पातळी बघायची पट्टी ठेवा. टोक वर असेल तर पुढे दुखते, टोक फार खाली असेल तर माणूस पुढे घसरत राहतो आणि मनगटे भरून येतात. समतल ठेवा, फार तर टोक किंचित खाली. सीटखालचे दोन बाजूंचे नट बहुधा 13 किंवा 14 च्या पान्याने सैल होतात. दोन्ही सारखे सैल करा आणि शेवटी घट्ट आवळा, नाहीतर खाचांचे दाते झिजून सीट कायमची डुलू लागते. सीटचा दांडा वर घेताना त्यावरची रेष फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. ती बाहेर आली तर दांडा वाकतो किंवा फ्रेमच फाटते.

एवढे करूनही दुखले तर रुंदी मोजा. पन्हाळी पुठ्ठ्याचा तुकडा कठीण खुर्चीवर किंवा पायरीवर ठेवा, त्यावर बसा, सायकलवर झुकता तेवढे झुका आणि गुडघे जरा वर घ्या. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधले अंतर, समजा 120 मिलिमीटर. हँडल सीटच्या पातळीला असेल तर त्यात 25 ते 30 मिळवा, म्हणजे 150 च्या आसपासची सीट. अगदी ताठ बसणाऱ्यांना याहून बरीच रुंद, स्प्रिंगची सीट लागते, कारण सगळा भार तिच्यावरच येतो. भरगच्च मऊपेक्षा थोडी कडक सीट निवडा.

नव्या सीटवर पहिले दोन आठवडे हाडांखाली दुखणे साहजिक आहे. पुढच्या भागात बधिरता येणे मात्र साहजिक नाही. ती आली तर त्या सीटला सवय होण्याची वाट पाहू नका. जीन्सच्या जाड शिवणी हाही एक गुन्हेगार आहे. आणि कोणत्याही सीटवर दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभे राहून दोन क्षण बूड मोकळे करावे.

प्रश्न : करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होते. (नाशिक)

उत्तर : तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला जी शीर जाते ती हँडलवर दाबली जाते. सीटचे टोक खाली झुकले आहे का ते पाहा, मग हँडल उंच करा किंवा जवळ आणा. ब्रेकच्या लिव्हर खाली इतक्या वळवा की दांडीवरून बोटे सरळ लिव्हरवर जातील आणि मनगट मागे मोडणार नाही. मागच्या बाजूला चपटी, रुंद मूठ पडेल असे ग्रिप मिळतात, ते उपयोगी पडतात. हँडलवर हातांची जागा बदलत राहा. घरी आल्यावरही बधिरता टिकत असेल तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आमच्या भागात बाभळीचे काटे आणि सराटे. महिन्यातून तीन-चार पंक्चर. ट्यूबलेस करता येईल का? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : या पैशांत ट्यूबलेस विसरा, त्याला वेगळी रिम, वेगळा टायर लागतो. तुम्हाला दोन शत्रू आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे. सराटा जेमतेम काही मिलिमीटर आत जातो, म्हणून टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची पट्टी त्याला थोपवते. पट्टीची टोके एकमेकांवर येतात तिथे ती ट्यूबला घासून स्वतःच पंक्चर करते; टोके गोल कापा आणि तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. बाभळीचा काटा मात्र पट्टीही भेदतो. त्याला ट्यूबमध्ये ओतायचे सीलंट. ते ओतायला आतला भाग काढता येईल असा व्हॉल्व्ह लागतो, मोटारसायकलच्या धर्तीचा जाड व्हॉल्व्ह बहुधा चालतो. काटा निघाला की चाक फिरवून भोक खाली आणा, सीलंट तिथे जाऊन बसते. ते आतल्या आत हळूहळू वाळते, त्यामुळे काही महिन्यांनी पुन्हा घालावे लागते.

पंक्चर काढताना ट्यूबवरच्या भोकाची जागा टायरशी जुळवा आणि टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. मोडलेले काट्याचे टोक तिथेच असते आणि तेच उद्या पुन्हा टोचते. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर काट्याला दोष देऊ नका. हवा कमी होती आणि दगडावर रिमने ट्यूब चेपली. भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर आऱ्यांच्या टोकांवरची पट्टी सरकली आहे.

प्रश्न : मुलीच्या कॉलेजसाठी पाच वर्षे वापरलेली गिअरची सायकल सहा हजारांत मिळते आहे. काय काय तपासावे? (पुणे)

उत्तर : जाताना एक फूटपट्टी न्या. आधी फ्रेम. पुढचा आडवा आणि तिरका दांडा हँडलच्या नळीला जिथे जोडलेला आहे, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा केसाएवढी चीर असेल तर सायकल समोरून धडकली आहे. दर विचारू नका, परत या. बाजूला उभे राहून चिमटा हँडलच्या नळीच्या रेषेत आहे का, मागे ढकलला गेला आहे का, ते पाहा.

मग चेन. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा. तिथून पुढची 24 वी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली तर चेन बदलायला झाली. एक सूत पुढे गेली असेल तर मागच्या चकत्यांचे दातेही तिने खाल्ले आहेत, नुसती नवी चेन घातली तर ती जोर लावताच उडी मारेल. दोन्हींचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

चाके उचलून फिरवा आणि ब्रेकच्या गुटक्याशी नजर ठेवा. दोन-तीन मिलिमीटर आऊट असेल तर आरे आवळून निघतो, रिमच पिचली असेल तर निघत नाही. चाक हाताने आडवे हलवा. खडखड झाली तर हबमधले छर्रे दाबून धरणारे कोन सैल आहेत किंवा छर्रे-कोन खराब आहेत. पायडलचे दोन्ही दांडे धरून फ्रेमकडे ढकला-ओढा, तेही हलता कामा नयेत. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे झुलवा. हँडलच्या नळीत टकटक लागली तर तिथले छर्रे. सीटचा दांडा आणि हँडल खरोखर हलतात का, हे करून बघा. पाच वर्षे एकाच जागी राहिलेला दांडा गंजून फ्रेमशी एकजीव झालेला असू शकतो, आणि मग सायकल मुलीच्या उंचीला बसवताच येणार नाही. टायरच्या कडांना बारीक भेगा असतील तर दोन टायर धरून चाला.

फ्रेमचा नंबर बहुधा पायडलच्या आसाखाली ठोकलेला असतो. तो पावतीवर किंवा साध्या कागदावर लिहून विकणाऱ्याची सही घ्या. नंबर घासलेला असेल तर स्वस्त का मिळते आहे ते समजून घ्या.

प्रश्न : ऑनलाइन मागवली तर हजारभर वाचतात. खोक्यातून आलेली सायकल घरी जोडता येते का? (नांदेड)

उत्तर : येते, पण तुमचे माप आधी कोणत्या तरी दुकानातल्या तशाच सायकलीवर बसून पक्के करा. वाचलेल्या हजारातले काही मिस्त्रीला देऊन सगळे बोल्ट तपासून घेतलेत तर आम्ही त्याला शहाणपण म्हणू.

स्वतः जोडणार असाल तर दोन चुका नेहमीच्या आहेत. पहिली : चिमटा उलटा राहतो. खोक्यात हँडल वळवून बांधलेले असते आणि लोक ते तसेच आवळतात. चिमट्याची वाकलेली टोके पुढे हवीत, व्ही-ब्रेक चिमट्याच्या पुढच्या बाजूला दिसायला हवा. उलट्या चिमट्याची सायकल चालते, पण हँडल फडफडते आणि बूट चाकाला लागतो. दुसरी : डावे पायडल. त्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळते. पायडलच्या टोकावर 'एल' आणि 'आर' कोरलेले असते. आट्यांना ग्रीस लावा, पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी द्या, मगच 15 चा पाना. आटे तिरके गेले तर दांड्याचे भोक कायमचे वाया.

हँडल आवळल्यावर पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघा, हलता कामा नये. ब्रेकचे गुटके पूर्ण रिमवर टेकावेत; वरची कडा टायरला लागत असेल तर थोड्याच दिवसांत टायर कापला जातो. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर केबल ताणतात, आरे बसतात आणि पायडलच्या दांड्याचा बोल्ट सैल होतो. हा बोल्ट पुन्हा आवळायचे राहिले तर दांड्यातले चौकोनी भोक गोल होते, आणि मग कितीही आवळा, कटकट थांबत नाही.

प्रश्न : वजन 104 किलो. साध्या सायकलीचे आरे तुटतील का? (नागपूर)

उत्तर : मागच्या चाकाला 36 आरे आणि दुहेरी भिंतीची रिम असेल, टायर 42 मिलिमीटर किंवा जास्त रुंद असेल, तर तुटू नयेत. कंपनीने दिलेली वजनमर्यादा मात्र आधी पाहा. तिच्यात सामानही धरलेले असते. महिन्याभराने आऱ्यांचा ताण सारखा करून घ्या. एक सैल पडला की शेजारचे तुटू लागतात. आटे असलेल्या फ्रीव्हीलच्या 7 गिअरच्या हबमध्ये उजवे बेअरिंग आसाच्या टोकापासून बरेच आत असते, म्हणून जड माणसाचा आस वाकतो. पैसे थोडे वाढवता आले तर कॅसेट (हबवर सरकवून बसवायच्या चकत्यांचा जोड) बसणारा हब असलेली सायकल घ्या. खड्डा दिसला की बुडाचा भार पायडलवर घ्या.

प्रश्न : पंधरा हजारांत ई-सायकल? (ठाणे)

उत्तर : नको. मोटर 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल तर परवाना आणि नोंदणी लागत नाही, हे खरे. पण या किमतीत मोठा वाटा बॅटरी आणि मोटरलाच जातो आणि उरलेल्या पैशांतली सायकल जास्त वजन, जास्त वेग आणि त्याच हलक्या ब्रेकवर धावते. बॅटरी संपली की ते ओझे तुम्हीच ओढायचे.

प्रश्न : पावसाळ्यात काय काळजी घ्यावी? चेनला घरचे तेल चालेल का? (चिपळूण)

उत्तर : गोडेतेल, खोबरेल अजिबात नको. ते चिकट होते आणि वाळू धरून ठेवते. गंज सोडवायचा फवारा हेही चेनचे तेल नव्हे. तो आधीचे तेलही धुऊन काढतो. चेनचे तेल मिळाले तर उत्तम, नाहीतर शिलाई मशीनचे चालते, फक्त वारंवार द्यावे लागते. जुन्या बनियनने चेन कोरडी पुसा, प्रत्येक कडीच्या सांध्यावर आतल्या बाजूने एकेक थेंब सोडा, पायडल उलटे फिरवा, दहा मिनिटांनी वरचे सगळे तेल पुसून टाका. बाहेर दिसणारे तेल काम करत नाही, धूळ गोळा करते. रिमवर आणि ब्रेकच्या गुटक्यांवर थेंबही पडू देऊ नका.

भिजून आल्यावर सायकल दोन-तीनदा जमिनीवर आपटा, पाणी झडते. सीटचा दांडा जूनच्या आधी एकदा काढून ग्रीस लावून परत घाला. पावसाळाभर चालवायचीच नसेल तर चेनला तेल देऊन कोरड्या जागी, शक्यतो टांगून ठेवा. जमिनीवरच ठेवायची तर टायरमध्ये हवा राखा. बसलेल्या टायरवर तीन महिने उभ्या राहिलेल्या सायकलीच्या टायरच्या कडा चिरतात.